निर्णय नेमका कुठे होतो, ते आधी शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला क्रिस्टल आयटी पार्कच्या परिसरात तुम्ही आणि तुमचे यजमान मिळून सॉफ्टवेअर कंपनी चालवता. माणसं 46. फ्रेशर घेताना मुली जवळजवळ निम्म्या असतात, पण सात टीम लीडांमध्ये बाई एकच. वर्षभरात दोन अनुभवी मुली सोडून गेल्या. त्यातली एक स्वतःची टेस्टिंगची कंपनी काढते आहे आणि तुमच्याकडेच काम मागायला आली आहे. यजमान म्हणतात, ‘आपण कुणाला अडवत नाही, ज्याची लायकी तो पुढे जातो.’ तुम्हाला ते पटत नाही, पण नेमकं बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही. 8 मार्चचा केक आणि गुलाबाची फुलं यापलीकडे काय करता येईल, आणि त्या मुलीला काम द्यावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी आधी कोड लिहिला, मग बरीच वर्षं डिलिव्हरी सांभाळली. आता लहान कंपन्यांना भरती आणि अप्रेझलची घडी बसवून देते, काही ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणूनही बसते. त्या जोरावर सांगते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: हो, काम द्या. कसं द्यायचं ते पुढे येईल. पहिल्या प्रश्नाला मात्र जरा वेळ लागेल.

तुमचे यजमान खोटं बोलत नाहीत, हे आधी मान्य करू. ‘बाईला लीड करायचं नाही’ असं तोंडानं म्हणणारा माणूस मला या धंद्यात क्वचितच भेटला. तुमच्याएवढ्या कंपनीत तसा ठराव कुणी करत नाही, कारण ठराव असा होतच नाही. निर्णय होतो, पण तो कुणी घेतला, कधी घेतला, कशाच्या आधारावर घेतला, याचा मागमूस राहत नाही. म्हणूनच तुम्हाला बोट ठेवता येत नाही. तेव्हा एखाद्या शनिवारी दोघंच बसा आणि मागच्या दीड वर्षातल्या निर्णयांची यादी करा: लीड कोणाला केलं, नवा क्लायंट कोणाच्या हाती दिला, ऑनसाइट, म्हणजे क्लायंटकडे, कोण गेलं, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, कोण बसलं, कोणाचा पगार किती वाढला. प्रत्येकापुढे लिहा की ही गोष्ट पहिल्यांदा कोण बोललं, तेव्हा कुठे होतात, किती वाजले होते, तिथे आणखी कोण होतं आणि कारण कुठे लिहिलेलं आहे का. आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहा. शेवटचे दोन रकाने भरताना तुमच्या यजमानांचा चेहरा बदलेल, असा माझा अंदाज आहे.

काय सापडेल ते साधारण सांगते, कारण इंदूरच्या अशा कंपन्यांचं चित्र फार वेगळं नसतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेनऊ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे आठ. क्लायंट कॉल तासभर चालतो. नंतर पाच-सहा पोरं तिथेच खुर्च्या ओढून बसतात, आणि रिलीज नीट पार पडली असेल तर गाड्या काढून सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजाराला जातात. सराफा काही दहाच्या आधी रंगात येत नाही. तुमच्या मुली त्या वेळी कुठे असतात? खरगोन, खंडवा, देवास, बुऱ्हाणपूरहून आलेल्या मुली भंवरकुआं नाहीतर विजयनगरच्या पीजीत, जिथलं फाटक दहाला लागतं. लग्न झालेल्या राजेंद्रनगर-सुदामानगरला घरी, मुलाचा गृहपाठ घेत. इकडे भुट्ट्याचा कीस खाता खाता कुणीतरी म्हणतं, ‘पुढचं मॉड्यूल तूच घे ना, साहेबांना सांगतो मी.’ साहेब बहुधा तिथेच असतात. सकाळच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, तो निर्णय नुसता जाहीर होतो, आणि मुलींना वाटतं की ठरवताना आपला विचार झाला होता, आपण कमी पडलो. विचार झालेलाच नसतो. त्यांचं नाव बाजूला सारण्यापुरतंसुद्धा निघालेलं नसतं.

सराफ्यावर बंदी घालू नका, उगाच हसं होईल, आणि पोरांची मैत्री हा काही गुन्हा नाही. नियम एवढाच करा: ज्यानं कोणाचं काम, पगार किंवा क्लायंटपुढचं स्थान बदलतं, तो निर्णय आठवड्यातल्या एका ठरलेल्या बैठकीत, भर दुपारी, नाव आणि कारण लिहून होईल. रात्री बोललेलं ते सुचवणं, पक्कं झालेलं नव्हे. जोडीला एक साधी गोष्ट करून बघा. क्लायंटला विचारा की कॉल तासभर आधी घेता येईल का. हिवाळ्यात आपले सात म्हणजे तिकडचे साडेआठ, आणि बऱ्याच जणांना ते चालतं. आजवर कुणी विचारलेलं नसतं, एवढंच. उशीर होणारच असेल तर गाडी कंपनीची, आणि ती मागावी लागू नये.

‘क्लायंट त्याच्याशी कम्फर्टेबल आहे’ हे कारण तुमच्या यादीत दोन-तीनदा तरी येईल. असणारच, कारण दीड वर्ष तुम्ही क्लायंटला एकच आवाज ऐकवला आहे. ज्यानं मॉड्यूल लिहिलं त्यानं किंवा तिनंच त्याचा डेमो द्यायचा, अशी पद्धत पाडा. दोन तिमाह्यांत क्लायंटला चार आवाज ओळखीचे होतील, आणि मग हे कारण आपोआप मागे पडेल.

आता अप्रेझल. तुमच्या फायली मी पाहिलेल्या नाहीत, पण पैज लावते की मुलींच्या शेऱ्यात ‘मेहनती’, ‘सगळ्यांना सांभाळून घेते’, ‘सिन्सियर’ असं सापडेल आणि मुलांच्या शेऱ्यात ‘आर्किटेक्चर पेलू शकतो’, ‘ओनरशिप घेतो’ असं. दोन्ही कौतुकच, पण पहिल्या प्रकारच्या कौतुकावर बढती मिळत नाही. यावर एकच इलाज मला उपयोगी पडलेला दिसला आहे: नावं काढायच्या आधी कसोट्या लिहायच्या. टीम लीड म्हणजे आपल्याकडे काय? उदाहरणार्थ, किमान एक रिलीज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळलेली असणं, प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंटकडे चालू असलेली सिस्टिम, बंद पडलेली असताना दुरुस्तीची दिशा ठरवलेली असणं, दोन ज्युनियरांना स्वतंत्र काम करण्याइतकं तयार केलेलं असणं, अंदाजलेले दिवस आणि लागलेले दिवस यांत फार तफावत नसणं. चार ओळी पुरतात. त्या भिंतीवर लावा, सगळ्यांना दिसू द्या. मग प्रत्येक नावापुढे घटना लिहायची, विशेषण नाही. ‘ओनरशिप घेतो’ चालणार नाही. ‘दिवाळीच्या आदल्या रात्री पेमेंट गेटवे बंद पडला, तेव्हा चार तासांत पर्यायी मार्ग चालू केला’ हे चालेल. असं लिहायला बसलं की बरेचदा कळतं की त्या रात्री तो पर्यायी मार्ग तीन महिने आधी कुणीतरी बांधून ठेवलेला होता, आणि ते करणारीचं नाव कुणाच्याच लक्षात नव्हतं.

मतं देण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रत्येक लीडनं आपले गुण एकट्यानं, कागदावर, चर्चेआधी लिहायचे. मग सगळ्यात नवा आधी बोलेल, तुमचे यजमान सगळ्यात शेवटी. घरच्या कंपनीत मालक पहिलं वाक्य बोलले की उरलेल्यांची मतं जुळतातच. तुम्हीसुद्धा त्यात आलात. हा बदल फुकट आहे, पण तोच सगळ्यात जड जातो.

मुलाखतींना हेच लागू. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांनी 1970 नंतर उमेदवाराला पडद्यामागून वाजवायला लावायला सुरुवात केली. क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राऊझ यांनी 2000 मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला आणि पडद्यामुळे बायकांची निवड वाढल्याचं मांडलं. त्यातल्या आकड्यांच्या भक्कमपणाबद्दल नंतर वाद झाले, तेव्हा त्याच्यावर फार भार टाकू नका. शिवाय तुम्ही काही पडदा लावणार नाही. तुम्हाला जमेल असं हे: सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि प्रत्येक उत्तराचे गुण लगेच. कोडिंगचा पेपर नाव झाकून तपासा, त्याला काहीच लागत नाही. आणि ‘लग्नाचं काय चाललंय’, ‘मिस्टरांची बदली होणारी नोकरी आहे का’ हे प्रश्न, कितीही आपुलकीनं विचारले तरी, बंद. आपल्या मराठी मंडळींना ही सवय जरा जास्त आहे. आडनाव ऐकलं की गाव, गाव ऐकलं की नातं, आणि पाच मिनिटांत मुलाखतीचं मुलगी बघणं होऊन बसतं.

बायोडाटा चाळायला सॉफ्टवेअर घेणार असाल तर सावध राहा. ॲमेझॉननं असं एक साधन बनवलं होतं; मागच्या दहा वर्षांत आलेल्या अर्जांवर ते शिकवलेलं होतं. अर्ज बहुतेक पुरुषांचे, त्यामुळे ‘विमेन्स’ हा शब्द दिसला की ते गुण कापायला लागलं, म्हणजे महिला बुद्धिबळ संघाची कप्तान असणं हा दोष ठरला. अखेर त्यांना ते मोडीत काढावं लागलं, आणि 2018 मध्ये रॉयटर्सच्या बातमीतून जगाला कळलं. तुमच्या दीड वर्षाच्या निर्णयांवर एखादं यंत्र शिकवलंत, तर तेही सहा पुरुष आणि एक बाई हेच शिकेल.

यापुढचा मुद्दा तुमच्या मुलींना सगळ्यात जास्त खुपत असेल, पण त्या बोलणार नाहीत, कारण बोललं की क्षुद्र वाटतं. मिनिट्स कोण लिहितं? नव्या माणसाला लॅपटॉप, लॉगिन, जेवणाची जागा कोण दाखवतं? निरोपाची भेटवस्तू, दिवाळीची रांगोळी, क्लायंट येणार म्हणून पोहे-जलेबीची ऑर्डर? आणि तांत्रिक कामातलं बोलाल तर डॉक्युमेंटेशन, जुन्या बगांची यादी साफ करणं, दुसऱ्याच्या टेस्ट केसेस नीट करणं? हे सगळं लागतं, आणि यातल्या कशाचंही नाव बढतीच्या कागदावर येत नाही. लिंडा बॅबकॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. अशा बिनफायद्याच्या कामासाठी मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा 48 टक्के जास्त वेळा पुढे आल्या. गट फक्त पुरुषांचा केला, तर पुरुष निमूट पुढे येऊन ते काम करू लागले. म्हणजे बायकांना ते आवडतं अशातला भाग नाही. खोलीत बाई आहे म्हटल्यावर सगळे तिच्या उठण्याची वाट बघतात. आणि त्याच अभ्यासात, काम सांगायची वेळ आली तेव्हा सांगणाऱ्यांनीही ते बायकांनाच जास्त सांगितलं.

‘कोण करतं का?’ असं विचारणंच थांबवा. पाळी लावा, सात लीडांसकट, यजमानांसकट. रांगोळी न येणारा मुलगा बाजारातून रंग आणेल. नव्या माणसांना तयार करणं हे काम तर सरळ लीडच्या कसोटीत घाला, मग बघा किती हात वर येतात.

पगाराबद्दल थोडक्यात. मागचा पगार विचारून त्यावर टक्केवारी चढवू नका. आधीच्या कंपनीनं तिला कमी दिलं असेल तर ते कमीपण तुम्ही पुढे ओढत नेता, आणि मुलासाठी दोन वर्षं घरी राहून परतलेल्या बाईचं तर फारच नुकसान होतं. प्रत्येक पायरीला वरची-खालची मर्यादा ठरवा आणि जाहिरातीतच लिहा. समान कामाला समान वेतन ही आपल्याकडे 1976 पासून कायद्याची गोष्ट आहे, मर्जीची नाही. वर्षातून एकदा लेखापालाला पायरीनुसार, स्त्री-पुरुष असा तक्ता काढायला सांगा. तुमच्याकडे फार तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

बाळंतपणाच्या रजेबद्दल लहान कंपन्यांत खरी भीती असते आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. 2017च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांची झाली, आणि तो भार बहुतेक वेळा मालकावरच पडतो. पण आधी इतकं तपासा: ज्यांचा पगार महिना 21,000 रुपयांच्या आत आहे आणि ज्या ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, आहेत, त्यांचा प्रसूती लाभ ईएसआयसी देतं. फ्रेशर मुलींच्या बाबतीत हे बऱ्याच मालकांना ठाऊकच नसतं. दुसरं, 50 माणसं झाली की पाळणाघराची सोय बंधनकारक होते. तुम्ही 46 वर आहात. ‘मग 49 वरच थांबू’ असा सल्ला देणारा कुणीतरी भेटेलच. तो ऐकू नका. पाळणाघर दोन-चार कंपन्यांनी मिळून चालवता येतं, आणि तुमच्या परिसरात शेजारी कंपन्या काही कमी नाहीत.

तरी रजेपेक्षा मोठं नुकसान रजेच्या आधी होतं, आणि तेही भल्या हेतूनं. ‘तिला आता ताण नको’ म्हणून मोठं मॉड्यूल काढून घेतात, ‘प्रवास नको’ म्हणून क्लायंट भेटीतून नाव वगळतात, आणि तिला कुणीच विचारत नाही. तुमच्याकडून गेलेल्या दोघींपैकी एकीच्या बाबतीत असं झालं होतं का, ते शोधून बघा. नियम असा ठेवा: तिच्या कामातला कोणताही बदल तिच्या लेखी होकाराशिवाय नाही. रजेवर जाण्याआधी परतल्यावरची जागा, प्रोजेक्ट आणि अप्रेझलचा महिना कागदावर. आणि त्या वर्षीची वाढ, काम केलेल्या महिन्यांच्या कामावरून, पूर्ण. बापांनाही दोन-तीन आठवड्यांची रजा द्या. खासगी कंपन्यांवर तसं बंधन नाही, पण मुलगे रजा घेताना दिसले की ‘रजा म्हणजे बाई’ हे समीकरण ढिलं पडायला लागतं.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे ना? दहा किंवा जास्त माणसं असतील तर 2013च्या कायद्यानं ती हवीच. नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी, निम्म्या तरी बायका, आणि एक सदस्य बाहेरची. घरच्या कंपनीत इथे हमखास गफलत होते: मालकाची बायको अध्यक्ष, मेहुणा सदस्य. मग लीडबद्दल तक्रार करायला कोण येईल? तुम्ही स्वतः समितीवर बसू नका. बाहेरची सदस्य खरोखर बाहेरची असू द्या, तुमच्या सीएची बहीण नको. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हे शेवटचं वाक्य तुमच्या भिंतीवरच्या फलकावर छापलेलं हवं. ते छापणारा मालक मला फार थोड्या ठिकाणी दिसला आहे.

आता तुमच्याकडून गेलेली मुलगी. तिचा सत्कार करू नका, ‘आमच्याकडे घडली’ असं लिंक्डइनवर लिहू नका. तिला पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, द्या. काय तपासायचं, किती दिवसांत, कोणत्या दरानं, बदल झाला तर जादाचे किती, हे स्पष्ट लिहा, आणि 25-30 टक्के ॲडव्हान्स द्या, कारण नव्या कंपनीचा जीव पहिल्या दोन महिन्यांच्या पगारात अडकलेला असतो. तिनं उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली आहे का विचारा. ती मोफत आहे, आणि ती असेल तर लहान उद्योगांसाठीच्या 2006च्या कायद्याप्रमाणे करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. शिवाय 2023-24 पासून आयकरातही असा न दिलेला खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही, तेव्हा तुमचे सीए स्वतःच मागे लागतील. दर ठरवताना आणखी दोन कंपन्यांकडूनही कोटेशन मागवा आणि तिघांना एकाच कसोटीनं तोला. ओळखीची म्हणून जास्त नको, घरची म्हणून कमी तर मुळीच नको. ‘आपलीच आहेस, थोडं सांभाळून घे’ हे वाक्य इंदुरात पुरुष व्हेंडरला कमी आणि बाईला जास्त ऐकावं लागतं.

ती तुमचे क्लायंट पळवेल, ही भीती तुमच्या यजमानांना असेल. नोकरी सोडल्यावर धंदाच करू नये अशी अट घालणारा करार 1872च्या करार कायद्याच्या 27व्या कलमानं रद्दबातल ठरतो. त्याच्यावर वकिलाचे पैसे घालवू नका. गोपनीयतेचा करार मात्र करा, दोन्ही बाजूंनी.

तिला एवढंही सांगा. ती पैसे उभे करायला जाईल तेव्हा तिला वेगळे प्रश्न विचारले जातील. डॅना कांझे आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या एका स्टार्टअप स्पर्धेतल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला, तो 2018 मध्ये आला. पुरुषांना विचारलेल्यांपैकी 67 टक्के प्रश्न ‘किती वाढाल, कुठवर जाल’ या धाटणीचे होते, बायकांना विचारलेल्यांपैकी 66 टक्के ‘आहे ते कसं टिकवाल, बुडण्यापासून कसं वाचाल’ या धाटणीचे. बचावाच्या प्रश्नाला बचावाचंच उत्तर दिलं की पैसे कमी उभे राहतात; उत्तर वाढीकडे वळवणाऱ्यांना जास्त मिळाले, असंही त्यांना दिसलं. म्हणजे ‘ग्राहक टिकतील कशावरून?’ असं विचारलं तर टिकण्याबद्दल एक वाक्य, आणि मग हा बाजार किती मोठा आहे व पुढच्या वर्षी आपण त्यातला किती घेणार ते. आपल्याकडे यात ‘मिस्टर काय करतात?’ हाही प्रश्न असतो. त्यावर मी सुचवते ते उत्तर: ‘ते या कंपनीत नाहीत,’ आणि पुढची स्लाइड. बँकेत एका ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या सूक्ष्म-लघु उद्योग कर्जाला तारण मागायचं नसतं, आणि त्यापुढे सीजीटीएमएसई या कर्जहमी न्यासाची हमी असते, जिथे महिलांच्या उद्योगाला सवलत आहे. शाखेतला माणूस तरीही नवऱ्याची सही मागेल. कोणत्या नियमाखाली, ते लेखी द्या, असं शांतपणे म्हणायचं. पुष्कळदा मागणी तिथेच विरते.

आणि एक प्रश्न तुम्हाला, रागावणार नाही या भरवशावर. तुमच्या स्वतःच्या नावावर किती शेअर आहेत? बँकेच्या चेकवर तुमची एकटीची सही चालते का? केंद्र सरकारच्या मंत्रालयांना आणि सार्वजनिक उपक्रमांना खरेदीतला 25 टक्के वाटा सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्यातले 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून, आणि ‘महिलांचा’ ठरायला खासगी कंपनीत किमान 51 टक्के भागीदारी बायकांची लागते. त्यामुळे बायकोच्या नावावर 51 टक्के दाखवून सगळं स्वतः चालवणाऱ्या कंपन्या सगळीकडे आहेत. वरच्या पातळीवरही हेच झालं. 2013च्या कंपनी कायद्यानं सूचीबद्ध कंपन्यांना एक तरी महिला संचालक सक्तीची केली, तर कित्येकांनी घरातलीच बाई आणून बसवली. शेवटी शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला सांगावं लागलं की पहिल्या 500 कंपन्यांत 2019 पासून आणि पहिल्या 1000 कंपन्यांत 2020 पासून किमान एक महिला संचालक स्वतंत्र हवी, प्रवर्तकांच्या गोतावळ्यातली नको. मी हे सांगते आहे ते तुमच्या संसारात डोकावायला नव्हे. तुमच्या 46 माणसांना पक्कं माहीत असतं की तुमचा ‘नाही’ चालतो की नाही. नसेल चालत, तर वरची सगळी पत्रकं ‘मॅडमचा उपक्रम’ म्हणून बाजूला पडतील. कामाची वाटणी दोघांत लिहून काढा: कोणत्या रकमेपर्यंत आणि कोणत्या विषयात कोणाचा शब्द शेवटचा. भरती, अप्रेझल आणि व्हेंडर यांपैकी एक तरी तुमचं असू द्या, पूर्णपणे, अपील न चालणारं.

यजमान म्हणतील, एवढं लिहीत बसलो तर कामं कधी करायची. हिशोब करून दाखवा. अनुभवी इंजिनियर सोडून गेली की नोटीस पीरियड, नवी भरती, नव्या माणसाला प्रोजेक्ट समजायला लागणारे महिने आणि मधल्या काळात क्लायंटची कुरकुर, हे सगळं मिळून किती झालं? ते तुमच्याच दोन उदाहरणांवरून काढा, माझ्या आकड्याची गरज नाही. ‘आम्ही लायकीच बघतो’ याचंही उत्तर तेच: मग ती लायकी आधी लिहून ठेवायला हरकत काय? अहिल्यादेवींच्या तसबिरीला हार घालणारं आपलं शहर. त्या रोज उघड दरबारात बसून तक्रारी ऐकत, असं ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमनंही नोंदवून ठेवलं आहे. आपल्याकडे हार राहिला आणि दरबार काचेच्या केबिनमध्ये गेला.

एकदम सगळं सुरू करू नका. एप्रिलच्या अप्रेझलला धरून मागे मोजा. जानेवारीत दीड वर्षाची ती यादी आणि पगाराचा तक्ता. फेब्रुवारीत लीडच्या चार कसोट्या भिंतीवर, कामांची पाळी सुरू, कॉलची वेळ बदलून बघणं. समिती नीट नसेल तर मात्र वाट बघू नका, याच आठवड्यात आदेश काढा. मार्चमध्ये सगळ्या लीडांनी गुण वेगवेगळे लिहून बंद पाकिटात द्यायचे, आणि पाकिटं उघडेपर्यंत यजमानांनी कोणाहीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कसोटीवर उतरलेली बाई यंदा एकही निघाली नाही, असंही होऊ शकतं. तेव्हा कोणालाही उगाच लीड करू नका. ती एकटी पडेल आणि सगळे तिच्या चुका मोजत बसतील. कोणती कसोटी कोणाला कशामुळे गाठता आली नाही ते बघा. रिलीज सांभाळायला मिळालीच नसेल, तर पुढची रिलीज कोणाची, याचं उत्तर तिथे मिळेल.

त्या मुलीचा पीओ मात्र एप्रिलची वाट बघत ठेवू नका. तिला पुढच्या महिन्याचे पगार द्यायचे आहेत.